पट्टे सरकतात, पण कशामुळे? एंजलफिशचा एक गाजलेला पेपर पुन्हा वाचताना

गेल्या महिन्यात जर्नल क्लबमध्ये माझी पाळी होती. ताजा पेपर घ्यायचा असा आमच्याकडे अलिखित नियम आहे, पण मी हट्टाने १९९५ सालचा घेतला. शिगेरू कोंडो आणि रिहितो असाई या क्योतो विद्यापीठातल्या दोघांचा, 'नेचर'मध्ये आलेला, अवघ्या चार पानांचा. विषय आहे एंजलफिश या रंगीत समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे.

निवडीचं कारण थोडं खाजगी आहे. पेशींच्या थरात ठिपके-पट्टे कसे उमटतात, याची गणिती मॉडेल्स बनवणं हे माझं पीएचडीचं काम. म्हणजे समीकरणं संगणकावर चालवायची, पडद्यावर जे उमटेल ते खऱ्या फोटोशेजारी ठेवायचं, आणि दोन्ही सारखी दिसली की जीव भांड्यात पडतो. असंच एक चित्र घेऊन मी मॅडमकडे गेले होते. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "छान दिसतंय गं. पण तुझं मॉडेल चुकीचं असतं, तर हे चित्र वेगळं दिसलं असतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ठरवलं, की आमच्या क्षेत्रातला ज्याचा सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो पेपर याच प्रश्नापुढे उभा करून बघायचा. 'ट्युरिंगचं म्हणणं या माशाने सिद्ध केलं' असं वाक्य तुम्हीही एखाद्या व्हिडिओत ऐकलं असेल. ते कितपत खरं आहे?

एक मासा, दोन नावं

आधी मासा. पेपरमध्ये दोन जाती आहेत, पण जास्त लक्ष वेधून घेते ती एम्परर एंजलफिश, शास्त्रीय नाव पोमाकँथस इम्परेटर. लाल समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारा मासा. आपल्याकडे लक्षद्वीपला आणि अंदमान-निकोबारला तो आहे. मोठा झाला की साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. अंगावर पिवळे-निळे आडवे पट्टे, डोळ्यांवर काळा मुखवटा.

पण लहानपणी तो असा दिसतच नाही. पिल्लू गडद निळं, आणि त्यावर शेपटीजवळच्या एका बिंदूभोवती पांढरी-फिकट निळी वलयं. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तशी. दोघांना शेजारी ठेवलं तर एकाच जातीचे आहेत असं कुणीही म्हणणार नाही, आणि तसं झालंही. बर्लिनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या ब्लॉख यांनी १७८७ मध्ये मोठ्या माशाला नाव दिलं. पुढे १८०१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर श्नायडर यांनी पूर्ण केलेल्या ग्रंथात, पिल्लाची नोंद वेगळी जात म्हणून झाली आणि तिला नाव मिळालं निकोबारवरून, 'निकोबारिएन्सिस'. आज ते नाव रद्द आहे.

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांच्यासमोर होते मेलेले नमुने. नमुना म्हणजे एका क्षणी थांबलेला मासा. दोन थांबलेले मासे कितीही बारकाईने पाहिले तरी एकाचा दुसरा होतो हे त्यात दिसत नाही. त्यासाठी एकच मासा जिवंत ठेवून वाट बघावी लागते. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे सगळं यावरच येणार आहे.

ट्युरिंग आणि गणपती मंडळं

ॲलन ट्युरिंग आपल्याला संगणकामुळे माहीत असतात. १९५२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षं आधी, त्यांनी जीवशास्त्रावर एक लांबलचक पेपर लिहिला. एकसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या थरात नक्षी येते कुठून, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं, की दोन रसायनं एकमेकांवर परिणाम करत असतील आणि वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील, तर कुणी आराखडा न देताही नक्षी आपोआप उमटू शकते. पुढे १९७२ मध्ये गीरर आणि माइनहार्ट यांनी हे सोपं करून मांडलं: जवळ चालना, लांब अडवणूक.

मी हे गणपती मंडळांवरून समजून घेते. एका गल्लीत मंडळ सुरू होतं. आरास चांगली झाली की माणसं येतात, माणसं आली की वर्गणी वाढते, वर्गणी वाढली की आरास आणखी मोठी. ही जवळची चालना. पण त्याच मंडळाचं पावतीपुस्तक चार गल्ल्यांपर्यंत फिरतं. शेजारच्या गल्लीत कुणी नवं मंडळ काढायचं म्हटलं, तर लोक म्हणतात, "आत्ताच दिली की वर्गणी!" ही लांबची अडवणूक. परिणाम काय, तर महापालिकेने नकाशा न आखताही मंडळांमध्ये साधारण सारखं अंतर राहतं.

आता वस्ती वाढली, दोन मंडळांच्या मधे नव्या इमारती आल्या, अंतर दुप्पट झालं. मधोमध अशी जागा तयार होते जिथे कुणाचंच पावतीपुस्तक पोचत नाही. तिथे नवं मंडळ निघणार. ट्युरिंगच्या नक्षीचा हाच खास गुण आहे: अंतर ठरलेलं, संख्या बदलती.

पेपरची ताकद

कोंडो-असाईंनी नेमकं हेच पकडलं. झेब्र्याचं शिंगरू वाढतं तेव्हा त्याचे पट्टे अंगाबरोबर ताणले जातात, नवे येत नाहीत. फुग्यावर रेघा मारून तो फुगवावा तसं. तिथे नक्षी गर्भातच ठरलेली असते, त्यामुळे ती कशी ठरली हे जन्मानंतर बघता येत नाही. एंजलफिशचं तसं नाही.

दुसरी जात, पोमाकँथस सेमिसर्क्युलेटस, घ्या. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लावर तीन उभे पट्टे असतात. मासा वाढतो तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं. साधारण चार सेंटिमीटरला जुन्या पट्ट्यांच्या मधोमध नवे पट्टे दिसू लागतात. आठ-नऊ सेंटिमीटरला पुन्हा तेच. नव्या इमारती, नवं मंडळ.

मोठ्या एम्पररमध्ये तर त्याहून मजेशीर गोष्ट आहे. त्याचे आडवे पट्टेही मासा वाढतो तसे संख्येने वाढतात, पण इथे नवा पट्टा मधे उगवत नाही. कुठेतरी एक पट्टा दुभंगलेला असतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा. तो फाटा हळूहळू अंगावरून सरकत जातो, जॅकेटची चेन उघडत जावी तसा, आणि एकाचे दोन पट्टे होतात. लेखकांनी टाकीत पाळलेल्या एकाच माशाचे काही काळाच्या अंतराने फोटो काढले. संगणकावरच्या समीकरणातही फाटे तसेच सरकले.

मॅडमच्या प्रश्नाला इथे अर्धं तरी उत्तर मिळतं. नक्षी एकदाच ठरून कातडीवर छापली जात असती, तर फाटा जागचा हलला नसता. तो हलला. म्हणजे मोठ्या, जिवंत माशाच्या कातडीवर नक्षी घडवणारी यंत्रणा अजून चालू आहे. मॉडेलने एक धोक्याचं विधान केलं होतं, खोटं ठरू शकलं असतं असं, आणि ते खोटं ठरलं नाही. माझ्या मते हा पेपर मोठा आहे तो यासाठी. दोन फोटो आणि मधे गेलेला काळ, एवढंच भांडवल. ब्लॉख यांच्याकडे नेमकं हेच नव्हतं.

सारखं दिसण्याचा सापळा

नुसत्या सारखेपणाला मी इतकी का घाबरते? फळमाशीमुळे. तिच्या भ्रूणात एका टप्प्यावर काही जनुकं सात सुबक पट्ट्यांमध्ये काम करताना दिसतात. समान अंतर, समान रुंदी. ट्युरिंगच्या मॉडेलसाठी याहून चांगलं उदाहरण कुठलं, असं अनेकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात शोध घेतल्यावर कळलं की यातले पट्टे वेगवेगळ्या सूचनांनी, जवळपास सुटेसुटे काढलेले आहेत. दिसायला एकसंध, आतून ठिगळं. मायकेल एकम यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये यावर लिहिताना शीर्षकातच म्हटलं होतं की हे पट्टे बनवण्याची रीत काही फारशी देखणी नाही.

थोडक्यात, पट्टे दिसले म्हणजे ट्युरिंग, असं नसतं. कोंडो-असाईंनाही हे माहीत असणार. म्हणूनच त्यांनी पट्ट्यांच्या दिसण्यापेक्षा त्यांच्या वागण्यावर भर दिला.

आक्षेप

आता पेपरची दुबळी बाजू. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, हॉफर आणि मैनी यांचं छोटं टिपण 'नेचर'मध्येच आलं. शीर्षक, 'माशाच्या कातडीत ट्युरिंगच्या नक्षी?' ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आक्षेप अगदी साध्या निरीक्षणातून आलेला आहे. सेमिसर्क्युलेटसच्या पिल्लात मधे येणारा नवा पट्टा सुरुवातीला बारीक आणि फिका असतो. जुने जाड, नवे बारीक, असं बराच काळ चालतं. पण साध्या ट्युरिंग मॉडेलमध्ये नवा पट्टा लवकरच जुन्यांच्या बरोबरीला येतो. मंडळांच्या भाषेत सांगायचं तर, मॉडेलमध्ये काल निघालेलं मंडळ आज पन्नास वर्षांच्या मंडळाएवढी आरास करतं. माशात तसं होत नाही. १९९९ मध्ये पेंटर, मैनी आणि ऑथमर यांनी मॉडेलमध्ये भर घातली: रसायनं नुसती पसरत नाहीत, तर रंगपेशी त्यांच्या मागावर स्वतः सरकतात. मग बारीक पट्टे आले.

गंमत बघा, हा बारीक पट्टा मूळ पेपरच्या फोटोतही आहे. त्याच चित्रावरून एकाने म्हटलं 'जुळतंय' आणि दुसऱ्याने म्हटलं 'पुरतं जुळत नाही'. आपल्या मॉडेलला न जुळणारी रेघ आपल्याच फोटोत बघायला वेगळे डोळे लागतात. ते माझ्याकडे आहेत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे. शीर्षकात 'रिअ‍ॅक्शन-डिफ्यूजन लाट' म्हटलंय, पण पेपरमध्ये एकही रसायन दाखवलेलं नाही. काय पसरतंय, कशाला अडवतंय, काही नाही. यंत्रणेच्या जागी समीकरण आहे.

ही उणीव कोंडो यांनाच सर्वात जास्त टोचली असावी, कारण पुढची कित्येक वर्षं त्यांच्या गटाने त्यावर काम केलं. मासा मात्र बदलला. झेब्राफिश घेतला, आपल्या उपखंडातल्या गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, प्रयोगशाळेत सहज वाढणारा. २००७ मध्ये त्यांनी लेझरने काही रंगपेशी मारून पाहिलं. नक्षी जुन्या आराखड्याप्रमाणे जशीच्या तशी परत आली नाही. उरलेल्या पट्ट्यांशी जुळवून घेत नव्याने बसली. म्हणजे यंत्रणा चालू आहे हा १९९५ चा दावा आणखी पक्का झाला. पण त्यानंतरच्या कामातून, विशेषतः २०१२ आणि २०१४ च्या पेपरांतून, पुढे आलं ते वेगळंच. पिवळी पेशी काळ्या पेशीला प्रत्यक्ष स्पर्श करते, काळी दूर पळते, पिवळी तिचा पाठलाग करते. लांबच्या परिणामासाठीही पेशी लांबलचक हात बाहेर काढतात असं दिसलं. पावतीपुस्तक वाऱ्यावर उडत जात नव्हतं, कार्यकर्ते ते घेऊन दारोदार फिरत होते!

मग ट्युरिंग चुकले का? गणित टिकलं. जवळ चालना, लांब अडवणूक हे नातं कायम राहिलं. पण ज्या दोन पसरणाऱ्या रसायनांवर त्यांनी इमारत उभी केली, ती झेब्राफिशच्या पट्ट्यांत तशी सापडली नाहीत. म्हणून 'सिद्ध झालं' हे वाक्य मला खटकतं. एकच नक्षी अनेक वाटांनी येऊ शकते. नक्षी जुळल्याने त्यातली कुठली वाट खरी हे कळत नाही. फार तर कुठल्या वाटा बाद झाल्या हे कळतं.

टाकी आणि समुद्र

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर जर्नल क्लबमध्ये फारसं कुणी बोललं नाही. हा टाकीतला मासा आहे.

ठाण्याला माझ्या मावसभावाकडे खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे, आणि तीत एक एम्परर आहे. आणला तेव्हा सात-आठ सेंटिमीटरचा, वलयांवाला. आता पट्टेवाला झालाय. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "दादा, वलयं मोडून पट्टे कसे झाले ते नीट बघितलंस ना?" तर म्हणाला, "अगं, रोज बघतो म्हणून काहीच दिसत नाही. जुने फोटो काढले की कळतं." मग त्याच्या फोनमधले फोटो तारखेप्रमाणे लावून बसलो. मधल्या काही महिन्यांत मासा ना धड पिल्लू, ना धड मोठा. वलयांचे अवशेष आणि पट्ट्यांची सुरुवात एकाच अंगावर.

टाकीचा फायदा हाच. खुल्या समुद्रात एकच पिल्लू ओळखून महिनोन्‌महिने त्याचा फोटो काढायचा म्हणजे कठीण काम. पिल्लू कपारींच्या आत, कडांच्या खाली राहतं. टाकी नसती तर हा पेपर झाला नसता.

पण टाकी काही गोष्टी काढून घेते. समुद्रात मोठा एम्परर प्रामुख्याने स्पंज खातो. घरच्या टाकीत तेवढे आणि तसे स्पंज मिळत नाहीत. स्पंज घातलेलं तयार खाद्य मिळतं, तेच द्यायचं. मासे पिवळ्या-नारिंगी छटा देणारे कॅरोटिनॉइड स्वतः बनवू शकत नाहीत, ते अन्नातून यावे लागतात. टाकीतच मोठा झालेला एम्परर समुद्रातल्यापेक्षा फिका राहतो, अशी पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. शिवाय बंदिस्त एंजलफिशना डोके आणि बाजूच्या रेषेवरची कातडी झिजण्याचा त्रास होतो. दादाच्या माशाला डोळ्यांमागे तसे खड्डे पडले आहेत. ज्या कातडीवरची नक्षी वाचायची, तीच कातडी टाकीत बिघडू शकते.

याने १९९५ चा निष्कर्ष कोसळतो का? नाही. आहार बदलला म्हणून फाटा सरकायला लागला, असं मानायला काही आधार नाही. पण एक प्रश्न राहतो, आणि तो टाकीतच सोडवता आला असता. नवा पट्टा येतो तो माशाच्या लांबीमुळे की वयामुळे? मॉडेल म्हणतं, लांबीमुळे. मग एकाच आकाराची काही पिल्लं घ्यायची, निम्म्यांना भरपूर खाद्य आणि निम्म्यांना बेताचं. वाढीचा वेग वेगळा पडेल. पट्टे तरीही चार सेंटिमीटरलाच आले तर मॉडेल जिंकलं, ठराविक वयाला आले तर हरलं. पेपरमध्ये असा प्रयोग नाही. मी पंच असते तर मागितला असता. अर्थात मागणं सोपं असतं. एम्परर झेब्राफिशसारखा डब्यात अंडी घालत नाही. बाजारात येणारे बहुतेक मासे समुद्रातूनच पकडलेले असतात. प्रयोगासाठी वीस पिल्लं म्हणजे प्रवाळांवरून उचललेली वीस पिल्लं.

आणि एका प्रश्नाला टाकी हातच लावू शकत नाही: पिल्लाला वेगळी नक्षी हवीच कशाला? एक जुना अंदाज असा की मोठा एम्परर आपल्या हद्दीत आपल्यासारख्या दिसणाऱ्याला सहन करत नाही, पण वलयांवालं पिल्लू त्याला प्रतिस्पर्धी वाटत नाही. हे तपासायला हद्दी लागतात, शेजारी लागतात, म्हणजे समुद्र लागतो. दादाच्या टाकीत एकच एम्परर आहे. त्याला हाकलायला कुणी नाही.

तर मग?

माझं मत असं: हा पेपर वाचावाच, पण ज्या कारणासाठी त्याचा उल्लेख होतो त्या कारणासाठी नव्हे. 'ट्युरिंगची रसायनं सापडली' हे तो दाखवत नाही. कातडीवरची नक्षी म्हणजे वाळलेला रंग नव्हे, ती अजून घडते आहे, हे तो दाखवतो, आणि तेही एक मासा, एक कॅमेरा आणि भरपूर धीर यांच्या जोरावर. स्वतः ट्युरिंग यांनी पेपरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की आपलं मॉडेल हे सुलभीकरण आहे, वास्तव नव्हे. त्यांच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते परिच्छेद वगळलेले दिसतात.

जर्नल क्लब संपल्यावर मी माझी थीसिसची फाईल उघडली. तिसऱ्या प्रकरणात फोटोशेजारी सिम्युलेशनचं चित्र आहे, खाली मी लिहिलं होतं, 'मॉडेल आणि निरीक्षण उत्तम जुळतात.' ते वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं आहे, की ऊतीचा एक भाग कापला तर नक्षी कुठल्या बाजूने भरून येईल असं माझं मॉडेल सांगतं. प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. चुकीचं निघालं तर तिसरं प्रकरण नव्याने लिहावं लागेल, आणि फेलोशिपचं माझं शेवटचं वर्ष सुरू आहे. निकाल काहीही लागो, इथे लिहीन.